दगडावरचं लाल नाव

रोसालिंदाला ओकुयामांच्या घरी येऊन पुरते दोन दिवस झाले नव्हते, तोवर सासूने तिचं नव्याने बारसं उरकलं. "हिला हाक मारून होईस्तोवर चहा गार व्हायचा," सासू म्हणाली, "आजपासून ही रित्सुको." झालं. पोस्टमनपासून देवळातल्या भिक्षूपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. नवी नवरी बिचारी मान हलवत राहिली, कारण 'हो' आणि 'थंडी वाजते' यापलीकडे तिला तेव्हा जपानी येतच नव्हतं.

तो काळच तसा होता. यामागाताच्या आमच्या डोंगराळ खोऱ्यातल्या पोरी एकेक करून सेंदाईला नाहीतर तोक्योला पळाल्या होत्या, आणि चेरीच्या बागा सांभाळणारे थोरले मुलगे चाळिशीला टेकले तरी बिनलग्नाचेच. मग फिलिपीन्सहून सुना आल्या. शिगेओ ओकुयामाने इलोइलोच्या किनाऱ्यावर जाऊन रोसालिंदाला पसंत केलं. खरं तर मीच त्याला पसंत केलं, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. "बाकीचे बाजारात बैल बघावा तसे बघत होते. हा एकटा लाजून स्वतःचे बूट बघत होता."

त्यातल्या काही बायका पहिला हिवाळा बघून ज्या गेल्या त्या गेल्याच. ही टिकली. नुसती टिकली नाही, सगळं घर हिने अंगावर घेतलं. खोक्यात चेरी लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. छपरापर्यंत साचलेला बर्फ उडवायचं यंत्र पुरुषांच्या हातात कुरकुरायचं, ते हिच्या हातात गुपचूप चालायचं. आणि भाषा? आमच्या खोऱ्याचा हेल तिच्या जिभेवर असा बसला, की सेंदाईत नर्स असलेली तिची मुलगी म्हणायची, "आई, तू आजीपेक्षा गावंढळ बोलतेस!"

एकटा शिगेओ तिला रोसा म्हणायचा. तेही चारचौघांत नाही. बागेत शिडीवरून, गाडीत, न्हाणीघराच्या दारातून टॉवेल मागताना. एका ऑगस्टात भर बागेत तो कोसळला आणि गेलाच. अंत्यविधीला नातेवाईक, शेजारणी, सगळ्यांनी 'रित्सुकोसान, रित्सुकोसान' म्हणत तिचं सांत्वन केलं. ती वाकून वाकून आभार मानत होती. पण आत तिला एकच गोष्ट कापत होती, की आपल्याला आपल्या नावाने हाक मारणारं तोंड आज जळून गेलं.

अस्थींचा कलश घरातल्या देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. बर्फ पडायच्या आत तो घराण्याच्या थडग्यात ठेवायचा, आणि त्याआधी दगडावर शिगेओचं नाव कोरायचं. आमच्याकडे अशी रीत, की नवऱ्याच्या नावाशेजारी जिवंत बायकोचंही नाव कोरून घेतात आणि त्यात लाल रंग भरतात. बाई गेली, की रंग खरवडून टाकायचा. सासऱ्यांच्या नावाशेजारी सासूचं लाल नाव वर्षानुवर्षं उन्हाबर्फात उभंच होतं: तोमिको. कांजीतली, म्हणजे चिनी वळणाच्या अर्थवाही लिपीतली, दोन भरगच्च अक्षरं, त्यातलं पहिलं संपत्तीचं.

तर ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी पाथरवट इगाराशी काय कोरायचं ते विचारायला आला. शिगेओचा धाकटा भाऊ मासानोरी, गावात टायरचं दुकान चालवतो, तोही आला. रजई पांघरलेल्या गरम मेजाखाली पाय घालून सगळे बसले. चहा झाला, हवापाणी झालं, मग इगाराशीने विचारलं, "आणि वहिनींचं नाव कसं घालू?"

"रित्सुको. कांजीत," सासू म्हणाली.

"नाही," रोसालिंदा म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. या घरात तिच्या तोंडून 'नाही' फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

"माझं नाव रोसालिंदा आहे. तेच कोरा."

"पण वहिनी, ते काताकानात येणार!" मासानोरीने कपाळाला हात लावला. बरोबरच होतं त्याचं. परदेशातून आलेल्या शब्दांना आमच्याकडे ती वेगळी, टोकदार, सुटीसुटी अक्षरं. ब्रेड त्यात, बटण त्यात, बस त्यात, बिअरही त्यात. "आमच्या बाबांच्या शेजारी आइसक्रीमच्या दुकानाची पाटी लावायची का? लोक हसतील."

"हसू देत. मेलेल्यांना ऐकू येत नाही."

"जिवंतांना येतं ना! मला त्याच रस्त्याने रोज दुकानात जायचंय."

"मला काय, मी कुठलंही कोरीन," इगाराशी म्हणाला. "काताकानाला रेघा कमी, पण नाव लांब. मेहनत तेवढीच."

सासूने चहाचा पेला खाली ठेवला. नव्वदीची बाई, पण पाठीचा कणा ताठ. "इतकी वर्षं मी दिलेलं नाव तुला टोचत होतं होय?"

"टोचत नव्हतं, आई. पण ते माझं नाही. उद्या माझ्या भावाची मुलं मला शोधत इथं आली, तर त्यांनी फुलं कुणापुढे ठेवायची? त्यांना रित्सुको नावाची आत्या नाही."

"ते काही असो. ओकुयामांच्या दगडावर काताकाना चालणार नाही. ती काय अक्षरं आहेत? मांजराने ओरबाडल्यासारखी. या घरातल्या बायकांची नावं नीट अक्षरांत असतात."

आता एवढ्यावर गप्प बसायचं होतं. रोसालिंदाला सगळं गिळायची सवय होती. पण त्या दिवशी तिचा तोल गेला.

"मग दवाखान्यात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात, ते सांगा ना यांना! दर महिन्याला मीच नेते ना तुम्हाला? तुमच्या विम्याच्या कार्डावर कुठली अक्षरं आहेत? ओकुयामा तोमे! काताकानात!"

जुन्या काळी मुलीच्या नावासाठी कांजी कोण शोधत बसतो? दोन-चार रेघा ओढल्या, झालं काम. त्या पिढीच्या कित्येक बायकांची नावं सरकारदरबारी अशीच आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तोमे! तोमे म्हणजे थांब, पुरे. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या पोरीला हे नाव द्यायचे, म्हणजे दैवाला तरी समजेल. सासू खिंडीपलीकडच्या गावची, त्यामुळे आमच्या गावाला याचा पत्ता नव्हता. मासानोरीला असावा, कारण तो एकदम स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागला.

म्हातारी मेजाला धरून उठली. आपल्या खोलीत गेली आणि सरकतं दार ओढून घेतलं.

इगाराशीने उरलेला चहा एका घोटात संपवला. "बर्फाच्या आत कळवा म्हणजे झालं," म्हणाला आणि सटकला.

"वहिनी, हे मात्र तुम्ही वाईट केलंत," मासानोरी बूट घालता घालता म्हणाला.

"ठाऊक आहे मला," रोसालिंदा म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं. काय बोलून बसलो आपण! शिगेओ असता तर त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं असतं, आणि तेच पुरलं असतं.

नंतरचे काही दिवस सासू जेवली, आंघोळीला गेली, टीव्हीवर कुस्त्या बघितल्या, पण सुनेशी 'हं' पलीकडे बोलली नाही. पाथरवटाला काही कळवलं नाही. पलीकडच्या डोंगरमाथ्यावर पांढरं दिसायला लागलं.

मग शेवंती तोडायची वेळ आली. जांभळी, खायची शेवंती. ती काही कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून दोघी पाकळ्या सोडवायला बसल्या. उकळत्या पाण्यात व्हिनेगर टाकून पाकळ्या जरा शिजवल्या, की झाला हिवाळ्याच्या तोंडचा पदार्थ. पण निवडता निवडता बोटं काळी होतात आणि ढीग काही हलत नाही.

"रित्सुको कोण होती, माहीत आहे तुला?" सासूने वर न बघता विचारलं.

"कोण होती?"

"आमच्या हेडमास्तरांची मुलगी. तिच्या आईने तिच्या दप्तरावर नाव भरून दिलं होतं. रेशमाने, कांजीत. काय देखणं दिसायचं! मी रोज मुद्दाम तिच्या मागून चालायची, ते बघत. माझ्या दप्तरावर काही नव्हतं. काय भरणार? पुरे?"

रोसालिंदाचे हात थांबले.

"लग्न होऊन खिंड उतरले आणि या घरात सांगून टाकलं, माझं नाव तोमिको. माझं बारसं मीच केलं. तुझ्या सासऱ्यांना सगळं ठाऊक होतं. मरेपर्यंत बोलले नाहीत, भला माणूस. मग तू आलीस. मला वाटलं, ही पोरही आपल्यासारखीच ती ओरबाडलेली अक्षरं घेऊन आलीये. जन्मभर हिने ती कशाला वागवायची? माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं नाव मी तुला दिलं गं. स्वतःला घ्यायची हिंमत नव्हती झाली, ते."

"मला हे कुणी सांगितलंच नाही, आई." रोसालिंदाने काळ्या बोटांनीच डोळे पुसले.

"तू विचारलंस कुठे?"

"तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?"

म्हातारीने जीभ चावली. "तेही खरंच. बरं, आता विचारते. तुझं ते नाव कुणी ठेवलं?"

"बाबांनी. चार मुलांच्या पाठीवर मी झाले. मासे तसेच होडीत टाकून किनाऱ्यावरून ओरडत सुटले म्हणे, मुलगी झाली, मुलगी झाली! नाव त्यांच्या आईचं. ती आधीच गेलेली. मी भोकाड पसरलं की म्हणायचे, रोसालिंदा, माझ्या आईचं नाव घेऊन असं रडू नये."

"मासे टाकून?"

"सगळे. आई सांगायची, त्या दिवशी गावातल्या मांजरांची चंगळ झाली."

सासू हसली. मग तिने नवं फूल उचललं.

"पुन्हा म्हण बघू ते."

"रोसालिंदा."

"रो-सा-रिं-दा." आमच्या तोंडात 'ल' बसत नाही, आणि नव्वदीत तर नाहीच. पण तिने ते पुरं म्हटलं, मधे न अडखळता. "बापाने एवढ्या हौसेने ठेवलेलं नाव पुसायचा मला काय अधिकार होता? मी आपली अक्षरांवर राग धरून बसले. अक्षरांनी माझं काय वाकडं केलं होतं? आईबापांना मी नको होते, हे दुखणं होतं माझं." तिने हातातलं फूल टाकलं. "इगाराशीला फोन कर. तुझं कोरायला सांग, तुझ्या अक्षरांत. मासानोरीला मी बघते."

मासानोरी काय बोलणार? आईपुढे त्याचं कधी चाललंय! "आइसक्रीम तर आइसक्रीम," म्हणाला, आणि कोरायच्या दिवशी आईला स्वतःच्या गाडीतून देवळामागच्या दफनभूमीत घेऊन आला. हवा बोचरी होती. शिगेओचं नाव कोरून झालं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेवर इगाराशीने अक्षरांचा कागद चिकटवला, छिन्नी उचलली आणि थबकला. त्याची नजर सासऱ्यांच्या बाजूच्या त्या लाल नावावर गेली होती. वाईट माणूस नाही, पण त्या दुपारी त्यानेही सगळं ऐकलं होतं.

"आजींचंही दुरुस्त करून देऊ का?" त्याने विचारलं. "कागदोपत्री वेगळं आहे म्हणत होतात ना. हत्यारं आणलीच आहेत, दोन्ही एकसारखी होतील."

सासू काठीवर भार देऊन उभी होती. रोसालिंदा तिच्या आणि दगडाच्या मधे येऊन उभी राहिली.

"आईंचं नाव तोमिको आहे," ती म्हणाली. "बरोबर कोरलंय ते. तुम्ही माझं कोरा."