यमुनाबायचे वरचे चार दात

माझ्या सासूबाईंना दात हवे होते. एवढी साधी गोष्ट, पण ती ऐकल्यावर घरात आणि गावात ज्याला त्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. चौसष्ट वर्षांच्या पुरुषाने नवी मोटारसायकल घेतली तर लोक त्याच्या पाठीवर थाप मारतात. त्याच वयाच्या बाईने चार दात बसवायचे म्हटलं की विचारतात, आता कुणाला दाखवायचेत?

सासूबाईंचं नाव यमुना. कळंबला समुद्राला लागून त्यांचं घर, घरापुढे वाळूत बांबूंच्या वलांड्या, आणि पावसाळा सरल्यापासून वैशाखापर्यंत त्या वलांड्यांच्या दोऱ्यांवर वाळणारे बोंबील. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आले आणि पहिल्यांदा कळंबला गेले तेव्हा त्या वासाने मला मळमळायला लागलं. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सवय होईल. नाय झाली तर नाक तुझं हाय." गोड बोलून समजूत काढणं त्यांना कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच आमचं जमलं.

बोंबील वाळत घालताना दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतात. बोंबलाच्या जबड्यात बारीक, अणकुचीदार दात असतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा गुंतवला की जोडी दोरीवर नीट बसते, गाठ मारायला नको की काही नको. सासूबाई हे काम गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता करतात. पण गावात त्यांचा मान होता तो या कामाचा नव्हे, त्याच्या पुढच्या कामाचा. बोंबील सुकला की नाही, हे त्या दातांनी सांगायच्या.

शेपटीकडून चार बोटं सोडून बोंबील पुढच्या दातांत धरायचा आणि हलकेच दाबायचा. आतल्या काट्याशी ओल उरली असेल तर तो दाताखाली वाकतो, आणि कोरडा असेल तर तुटतो. वाकण्याआधीची आणि तुटण्याआधीची जी जराशी थरथर असते, ती ओळखायची. बाहेरून दोन्ही बोंबील सारखेच दिसतात. ओला माल गोणीत गेला की आठवड्याभरात आतून बुरशी धरतो आणि शेजारचा चांगला मालही नासवतो. म्हणून आळीतल्या बायका गोणी शिवण्याआधी सासूबाईंना हाक मारायच्या. त्या या टोकाचे, त्या टोकाचे, सावलीतले असे दहा-बारा बोंबील दाताखाली धरायच्या आणि सांगायच्या, "भरा." नाहीतर, "उद्या." व्यापारी हरेश्वर केनी टेम्पो घेऊन आला की गोणी उघडूनसुद्धा बघायचा नाही. यमुनाबायने दात लावलाय ना, एवढंच विचारायचा.

मग दात हलायला लागले. चाळीस वर्षं रोज मिसरी लावायची आणि हिरडीतून रक्त आलं की मिठाच्या पाण्याने गुळणी करायची, याहून वेगळं त्या दातांसाठी कुणी काही केलं नव्हतं. दोन वर्षांत वरचे पुढचे चारही गेले. शेवटचा तर सासूबाईंनी स्वतःच उपटला आणि कामाला लागल्या.

माझा नवरा जितेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट लवकर मिटवून टाकायची त्याला घाई असते. त्याने आईला कवळी करून दिली, काढायची-घालायची. सासूबाईंनी ती घालून वलांडीवरच्या पहिल्या बोंबलाला दात लावला. बोंबील तुटला नाही, कवळीच बाहेर आली आणि बोंबलाला लटकून राहिली. बायका हसून हसून वाळूत बसल्या. सासूबाईही हसल्या, कवळी धुऊन वाटीत ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. वर टाळूला प्लास्टिक चिकटवून घेतल्यावर मीठसुद्धा लागत नाही, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

इथे त्यांनी चूक केली, आणि ती मी लपवणार नाही, कारण त्यांनीही ती लपवली नाही. आपल्याला आता ओलं-सुकं समजत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. बायका बोलवत राहिल्या आणि त्या जात राहिल्या. बोंबील बोटांनी वाकवून बघायच्या, कानाशी धरायच्या, आणि चाळीस वर्षांच्या भरवशावर "भरा" म्हणायच्या. पहिल्या वर्षी निभावलं. गेल्या जानेवारीत चार दिवस मळभ आलं, हवेत ओल राहिली, आणि त्यांनी सहा घरांचा माल भरायला सांगितला.

दहा दिवसांनी हरेश्वरचा टेम्पो परत आला. त्याने गोण्या वाळूत उतरवल्या आणि एक उघडली. कुबट वास आळीभर पसरला. तो ओरडला असता तर सासूबाई दुप्पट ओरडल्या असत्या, त्यात त्यांना कुणी हरवलेलं नाही. पण हरेश्वर ओरडला नाही. सगळ्या बायकांसमोर अगदी मायेने म्हणाला, "यमुनाबाय, मनाला लावून घेऊ नका. वय झालं तुमचं. आता दुसऱ्या कुनाला तरी दात लावू द्या."

सासूबाईंनी स्वतःच्या घरातला राखून ठेवलेला चांगला माल काढला आणि त्या सहा घरांत वाटला. जी नको म्हणाली तिच्या ओट्यावर ठेवून आल्या. त्या दिवसापासून कुणीही बोलावलं की त्या एकच वाक्य बोलायच्या, "मना नको इचारू, मना आता समजत नाय." ते वाक्य मी एकदा माझ्या कानांनी ऐकलं. नवऱ्याच्या मयतालाही न वाकलेली बाई ते बोलताना खाली बघत होती.

पुढच्या रविवारी त्या विरारला आल्या. चहा घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "मना दात बसवायचेत. हाडात बसवतात ते."

समुद्रावरच्या कॉटेजमध्ये उतरलेली कुणी म्हातारी पाहुणी त्यांच्याकडे बोंबील घ्यायला आली होती. तिने आपलं तोंड उघडून तसले दात त्यांना दाखवले होते, आणि सासूबाईंनी बोटाने हलवून बघून खात्री करून घेतली होती.

जितेश हसला. "आये, हाडात स्क्रू घालतात. तुझं वय काय, तुला साखर आहे. मऊ भात खा, आराम कर. मी आहे ना."

"तू हाय म्हनून काय? तुझे दात घेऊन बोंबील चावू?"

"पण कामच कशाला करायचं? लोक मला विचारतात, मुलगा चांगल्या नोकरीला, आणि आई अजून मासळी वाळवते?"

"मी मासळी वाळवून तुला शिकवत होती, तवा नाय कोन इचारायला आला."

"लोक हसतील गं. म्हणतील, म्हातारीला आता दात कुणाला दाखवायचेत?"

मी स्वयंपाकघरात होते. तोवर गप्प बसले होते, कारण आई-मुलाच्या भांडणात पडू नये असं मला माहेरून शिकवून पाठवलंय. पण हे ऐकलं आणि हातातली कणीक तशीच टाकून बाहेर आले. "जितेश," म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी तू टकलावर केस रोवून घेतलेस, तेव्हा आईंनी विचारलं होतं का, कुणाला दाखवायचेत?"

जितेशचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पैशाचा प्रश्न त्याला काढता येईना, कारण पैसे सासूबाईंचे होते. मग तो चिडून म्हणाला, "करा काय करायचं ते, डॉक्टरच नाही म्हणतील." सासूबाई एवढंच बोलल्या, "मंग डॉक्टरला बोलू दे."

नालासोपाऱ्यात डॉ. इनेझ यांचा दवाखाना आहे. जवळच्या नंदाखाल गावची मुलगी, वय माझ्याएवढंच, बोलायला सरळ. तिने एक्स-रे काढला, रक्त तपासायला लावलं आणि चार दिवसांनी सांगितलं, "मावशी, आता हात लावला तर जखम भरणार नाही. साखर फार आहे, हिरड्या खराब आहेत आणि मिसरी चालू आहे. मिसरी बंद, साखर ताब्यात, हिरड्यांचे उपचार. चार महिन्यांनी या. तेव्हाही जमेलच असं नाही."

जितेशने हे ऐकलं तेव्हा सुटल्यासारखा श्वास टाकला. त्याला वाटलं, मिसरी काही सुटत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. सासूबाईंनी कमरेची मिसरीची डबी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली होती, ते मी पाहिलं होतं, पण डबी बाजारात दुसरी मिळते.

त्यांनी दुसरी घेतली नाही. पहिला महिना त्या सगळ्यांशी भांडल्या. शेजारणीशी, समुद्राशी, आणि फोनवर माझ्याशी. तोंडात बडीशेप धरून बसायच्या आणि बडीशेप करणाऱ्यालाही शिव्या घालायच्या. भात अर्ध्यावर आणला. रोज पहाटे किनाऱ्याने शेजारच्या राजोडी गावापर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या. बायका चिडवायच्या, "यमुना, परत लगीन करतेस काय?"

"तुझ्या नवऱ्याला इचारून सांगते," असं म्हणून त्या पुढे जायच्या.

इकडे वलांडीवर दुसऱ्या बायका दात लावायला लागल्या होत्या. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. हरेश्वर आता प्रत्येक गोणी उघडून हात घालून बघायचा. मी सुट्टीत गेले की सासूबाई माझ्या हातात बोंबील द्यायच्या, आणि मी चावून सांगितलं की मान हलवायच्या. "तुना सगळाच कडक लागतो," म्हणायच्या. मला शिकवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण ती थरथर मला कधी कळली नाही. जे त्यांच्याकडे होतं ते केवढं मोठं होतं, एवढं मात्र कळलं.

मेमध्ये आम्ही परत दवाखान्यात गेलो. या वेळी जितेशही आला, रजा काढून. डॉ. इनेझ यांनी कागद बघितले, मग तोंड बघितलं, मग पुन्हा कागद बघितले. "मावशी, मिसरी खरंच सोडली?"

"डबी तुमच्याकडंच हाय ना."

"साखर उतरली आहे. हाड चांगलं आहे. हाडात दोन खुंट, म्हणजे स्क्रू, बसवू, आणि हाडाने ते धरले की त्यांच्यावर चार दात. जमेल." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, जितेशकडे मुद्दाम बघितलं नाही. डॉक्टरांनी कागद भरायला घेतला आणि सहज विचारलं, "बसवल्यावर पहिलं काय खाणार?"

"खायला नको मना. दात लावायला पायजेत." आणि सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं: ओल, काटा, वाकणं, तुटणं.

डॉ. इनेझने पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. मध्ये एक पातळ पडदा असतो, आणि दातात केस आला तरी आपल्याला कळतं ते त्या पडद्यामुळे. या दाताला तो पडदा नसतो. दात भक्कम असेल, बोंबील तुटेल. पण ओला की सुका हे पहिल्यासारखं जाणवेल, असं मी सांगू शकत नाही. काहींना सवयीने थोडं कळायला लागतं, काहींना नाही."

मला त्या डॉक्टरचा संताप आला. चार महिने या बाईने जीव मारला, तेव्हा हे कुठे होतं? मग वाटलं, तिने विचारलं म्हणून तरी कळलं, दुसऱ्या कुणी विचारलंही नसतं. माझे डोळे भरून आले आणि मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिले.

जितेश हसला नाही. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "आये, ऐकलंस ना? राहू दे. चल, घरी जाऊ." हरेश्वर बोलला होता त्याच मायेने बोलला.

सासूबाईंनी त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि त्याच्याच मांडीवर नेऊन ठेवला.

"डॉक्टरीन बाय," त्यांनी विचारलं, "तुटला तर समजेल?"

"ते समजेल. आवाज हाडातून कानापर्यंत जातो."

"आन वाकला तर?"

"तेच सांगता येत नाही, मावशी. खोटं कसं सांगू? घाई नाही, घरी जाऊन विचार करा."

"इचार झाला," सासूबाई म्हणाल्या. "पयले दात आले तवा त्यांना तरी बोंबील कुठं समजत होता? मीच शिकवला ना. यांना पन शिकवीन."