एकतीस नंबरची ओळ

माझी मुलगी श्वास धरते. तिला ते कळतं की नाही, मला माहीत नाही. भाजी चिरताना, चपला घालताना, मोबाइलवर काही वाचताना ती श्वास सोडते आणि पुढचा घेतच नाही. मी मनात आकडे मोजत राहते. बारा, तेरा, चौदा. अठराच्या आसपास तिची छाती हलते, मग मी हातातलं काम पुढे सुरू करते. गेले तीन आठवडे हेच चाललं आहे.

कारण तसं साधं आहे. ती एमआरआयच्या खोलीत काम करते, हृदयाची चित्रं काढते. बोगद्यासारख्या यंत्रात माणूस झोपलेला असतो, कानांवर हेडफोन, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा. काचेच्या अलीकडे माइकपाशी ही. "श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा." यंत्र ठकठक करतं आणि ही "घ्या" म्हणेपर्यंत त्या माणसाने श्वास घ्यायचा नसतो. छाती हलली की चित्र पुसट येतं. एकेका माणसाला असं पंधरा-वीस वेळा. हिची पद्धत अशी, की त्यांच्याबरोबर तीही श्वास धरते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. ती म्हणते, आपण धरल्याशिवाय समोरच्याला किती जड जातंय ते कळत नाही. धडधाकट माणूस वीस सेकंद सहज काढतो, पण दमेकरी म्हाताऱ्याला दहासुद्धा डोंगराएवढे. तिच्या हातून चित्र क्वचितच बिघडतं.

लहानपणीही अशीच होती. शेजारच्या मुलीचा उजवा हात मोडला तेव्हा हिने आपला चांगला हात माझ्या ओढणीने गळ्यात अडकवला आणि आठवडाभर डाव्या हाताने जेवली. शाळेतून चिठ्ठी आली, की वर्गात लिहीत नाही. मी ओढणी सोडवली आणि दोन धपाटे घातले. मला ती नाटकं वाटली होती.

डॉक्टरकीला तिचे मार्क कमी पडले. तंत्रज्ञाचा कोर्स करून ती इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत लागली. तिथे मामा होते. ते कोणाचेच मामा नाहीत, पण सगळं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणतं, मोठे डॉक्टरसुद्धा. तीस वर्षं ते इको काढताहेत. जेलची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवतात, पेशंटच्या छातीला गार लागू नये म्हणून. पेशंटला डाव्या कुशीवर वळवतात, पडद्याकडे बघतात आणि आकडा सांगतात. मोजतात नंतर, आणि मोजल्यावर बहुधा तोच येतो. आकडा कसला, तर हृदयात भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला शेकडा किती बाहेर ढकललं जातं त्याचा. पंचावन्न-साठ म्हणजे छान. धडधाकट माणसाला मामांकडे साठ ठरलेले. "फर्स्ट क्लास," असं म्हणून ते त्याच्या पाठीवर थाप मारतात. खोलीतली पोरं त्यांना चिडवतात, मामा पेपर न तपासता पास करतात.

मुलीला कामाला लावलं ते त्यांनीच. पहिल्या वर्षी ती घरी आली की मामा असं म्हणाले, मामा तसं म्हणाले. शेवटी हे एकदा वैतागून म्हणाले, "त्यांना इथेच राहायला बोलाव, म्हणजे आम्हालाही ऐकता येईल." पुढे ती एमआरआयला गेली तेव्हा मामांनी तिला विचारलं होतं, आता आमचे आकडे तपासायला बसणार का तू? ती चेष्टा होती.

मागच्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी नेमकं तेच काम काढलं. एकशेवीस माणसं घ्यायची, प्रत्येकाचा एकाच दिवशी आधी इको, मग एमआरआय, आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. ऐंशी पेशंट, चाळीस निरोगी. निरोगी मिळेनात, तेव्हा हॉस्पिटलातल्याच नर्स, वॉचमन, कँटीनवाले असे भरले. त्यांत माझी मुलगीही गेली. यादीत नावं नाहीत, फक्त नंबर. एक रकाना मामांचा, एक हिचा. दोन्हींत थोडा फरक पडायचाच, असं तिने मला समजावलं होतं. इको फासळ्यांच्या फटीतून डोकावून बघतं. एमआरआय हृदयाच्या पावासारख्या चकत्या करून दाखवतं, आणि त्या प्रत्येक चकतीच्या आतल्या कडेने ही माउसने रेघ ओढते. दोन शिंप्यांनी एकाच माणसाचं माप घेतलं तरी बोटभर इकडेतिकडे होतंच. फरक फारच मोठा आला तर सगळ्यांकडे एक उत्तर तयार असतं. पेशंटने श्वास नीट धरला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, तिने मला मदतीला बसवलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढली. दर उन्हाळ्यात पुस्तकांची मोजदाद व्हायची, एकीने नंबर वाचायचे, दुसरीने खुणा करायच्या. तसंच करायचं होतं. छापील यादी माझ्या हातात, तिच्यासमोर लॅपटॉप. मी वाचत होते. अठ्ठावीस, अठ्ठावन्न आणि छप्पन्न. एकोणतीस, साठ आणि सत्तावन्न. तीस, साठ आणि एकसष्ट. तिथे पान संपलं. ते उलटायला मी बोट ओलं करत होते, आणि ती खाली वाकून पडलेली पेन्सिल शोधत होती. टेबलाखालूनच ती म्हणाली, "साठ, शेहेचाळीस."

मी पान उलटलं. एकतीस. साठ, शेहेचाळीस.

"पाठ कसं तुला?"

"वाच ना पुढे, आई."

"एकतीस नंबर कोण आहे?"

ती वर येऊन खुर्चीत नीट बसली. श्वास सोडला. मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं असेल.

"मी," ती म्हणाली.

मग मी बत्तीस वाचला. एकशेवीसपर्यंत सगळे वाचले, एकही चुकला नाही. का वाचले, मला सांगता येणार नाही. हात-तोंड आपोआप चालू होतं, मोजदादीत चालायचं तसं.

नंतर चहा करताना तिने सांगितलं. दूध उतू जाईल असं सांगावं, तशाच सुरात. त्या दिवशी यंत्रावर तिची जोडीदारीण होती, रेघा मात्र हिने स्वतःच ओढल्या. पहिल्यांदा शेहेचाळीस आले. पुसून पुन्हा ओढल्या, सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा शेहेचाळीस. श्वासावर ढकलावं तर तीही सोय नव्हती, तिच्याइतका श्वास तिथे कोणीच धरत नाही. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं.

"आणि मामांचे साठ?"

"मामांनी मोजलंच नाही मला." ती कप विसळत होती. "मी समोर पडलेय, ते गुडघ्याचं दुखणं सांगताहेत, मी हसतेय. चार मिनिटांत आटपलं. म्हणाले, तू तर आपलीच, फर्स्ट क्लास."

बाकीचे एकशेएकोणीस त्यांनी रीतसर मोजले आहेत, याची हिला खात्री आहे. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तर ते ही ओळ उघडतील, मामांच्या मशीनमध्ये मोजल्याची खूण शोधतील, ती सापडणार नाही, आणि मग मामांचा अख्खा रकाना खोटा ठरेल. तीन महिन्यांनी मामा निवृत्त होताहेत. तेवढे जाऊ देत, मग दाखवते, असं तिचं म्हणणं. दोन महिने तिने हे पोटात ठेवलं होतं.

मी म्हटलं, आणि तोवर हृदयाचं काय?

"चालू आहे की ते."

मोठ्या डॉक्टरांना कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल झाले. यांना तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. नुसतं हॉस्पिटल म्हटलं तरी यांचा रक्तदाब चढतो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वर येताना ती दुसऱ्या वळणावर थांबते आणि मोबाइल बघते. मला वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं आलं असेल. परवा मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाले होते. ती कठड्याला टेकून उभी होती, मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला, आणि त्याचा दिवा बंद होता. मला बघून तिने अंगठा उगाच वरखाली फिरवला. काळ्या काचेवर. मी पिशवी टाकून आले, तेव्हा ती वर पोचली होती.

गेल्या आठवड्यात मी एकदाच विषय काढला. ती म्हणाली, "तू पुस्तकं मोज, आई, हृदयं माझ्याकडे राहू देत." तेहेतीस वर्षांच्या मुलीची ओढणी सोडवता येत नाही. लग्नाचा विषयही दोनदा असाच टाळला होता तिने, तिसऱ्यांदा मी काढला नाही. आमच्यात असंच मिटतं.

मला रडू आलेलं नाही. भीतीही जितकी वाटायला हवी तितकी वाटत नाही. आज भात दोनदा चढवला, एवढंच. शेहेचाळीस म्हणजे फार वाईट नसेलही. मामांचाच अंदाज बरोबर निघेल, हिचीच रेघ चुकत असेल. पण मग ती चूक तरी कोणीतरी दाखवायला हवी. दोन आकडे समोरासमोर लिहून ठेवले आहेत आणि त्यांच्याकडे बघणारं माणूस एकच, आणि कोणी आजारी असेल तर तेही तेच माणूस.

स्वयंपाकघराच्या दारामागे टेलिफोन नंबरांचा कागद आहे. नोकरीला लागली त्या वर्षी तिने लावला होता. गॅसवाला, वायरमन, आणि खाली तिच्या अक्षरात 'मामा, इको'. मोठ्या डॉक्टरांना सांगणार नाही, असा शब्द मी दिला आहे. तो मी पाळणार. मामांचं नाव त्यात नव्हतं.

मामा सकाळी साडेसातला घरून निघतात. "बोला, वहिनी," असं म्हणतील, गुडघ्याचं सांगतील, ते ऐकून घ्यायचं. मग सांगायचं, एकतीस नंबर माझी मुलगी आहे. तुम्ही तिला मोजलं नाहीत. उद्या तिला पुन्हा झोपवा, ओळखीची नाही असं समजा, आणि मोजा. पुढे कागदावर काय लिहायचं ते तुम्ही दोघं बघा. ते गप्प झाले तर आपणही गप्प राहायचं, फोन ठेवायचा नाही. मुलगी नंतर माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, ते आत्ता मोजत नाही.

ती सातला आंघोळीला जाते. बाथरूममधल्या नळाचा आवाज सुरू झाला की फोन लावायचा.