आधी हात हुंगून घे

लेकीला जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकायचंय, म्हणून आम्ही दोघी डिप्लोमाची दोन कॉलेजं पाहून आलो. पहिल्याचे एसी वर्ग पाहून मी हुरळलेच. दुसरीकडे नुसता पत्र्याचा गोठा. तिथं शिकवणाऱ्या बाई म्हशीपुढे हात धरून सांगत होत्या, "टोचणार आहे हं बये, थोडं दुखेल. आधी हात हुंगून घे." म्हशीनं सावकाश हुंगला, मगच बाईंनी सुई टोचली.

"आई, इथंच नाव घालूया," लेक म्हणाली.

मला तिचं लहानपण आठवलं. इंजेक्शनला नेलं की "ते बघ विमान!" म्हणून मी तिला दरवेळी फसवायचे. त्या म्हशीइतकाही मान दिला नाही मी पोरीला.

आता ती होस्टेलला जाईल. त्या दिवशी विमान दाखवणार नाही. आधीच सांगेन, बये, थोडं दुखेल. मला जरा जास्तच.