सशाला आग्रह

मामाजींनी वाढलेलं नाकारून पंगतीतून उठलेला माणूस कामरगावात नव्हता, धनजला नव्हता आणि माझ्या माहेरी इंझोरीलाही नव्हता. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना नाव होतं, पण ते घेतं कोण? सारे त्यांना 'घ्यानाजी' म्हणायचे. "घ्या ना जी, एवढं एक घ्या ना जी," असं म्हणत ते पंगतीतून फिरायचे. त्यावरून पडलेलं हे नाव इतकं चिकटलं, की पोस्टमनही दारात उभा राहून त्याच नावानं हाक मारायचा आणि मामाजीही ओ द्यायचे.

लग्न कोणाचंही असो, बुंदीची परात यांच्या हाती. शेतीवाडी होती, घरात खाऊनपिऊन बरं होतं, पण मामाजींचा जीव पंगतीत. खांद्यावर दुपट्टा टाकून ते निघाले की भूक नसलेली माणसंसुद्धा सावरून बसायची. नको म्हणताना माणूस पत्रावळीवर आडवा हात धरतो ना, त्या हाताकडे ते बारकाईनं पाहायचे. "बोटायत फट असन तं समजावं, अजून एक लाडू जाते," ते सांगत. "बोटं चिपकून असले तं सोडून द्याव. तो खरंच जेवला." हे सोडून देणं मात्र त्यांच्या हातून झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांची खरी किंमत कळायची ती व्याही रुसला की. आमच्याकडच्या लग्नात वरपक्षाच्या व्याह्यानं रुसायचं हे जवळजवळ ठरलेलंच. कोणाला उपरणं आखूड वाटायचं, कोणाला आंघोळीचं पाणी कोमट मिळायचं. मग व्याहीबुवा जानोशाच्या घरात, म्हणजे वऱ्हाड उतरलेलं असायचं तिथं, भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि वधूपिता दारात येरझाऱ्या घालायचा. अशा वेळी घ्यानाजींना बोलावणं जाई. ते जाऊन नुसते उकिडवे बसत, त्याच्या गावच्या गोष्टी काढत, त्याच्या बैलांची तारीफ करत. का रुसलात, हे चुकूनही विचारत नसत. "कारन इचारलं की तो अजून एक कारन शोधते," असं त्यांचं म्हणणं. तासाभरात व्याही पंगतीत बसलेला असायचा आणि मामाजी त्याच्यापुढे, "घ्या ना जी!"

आता गंमत पाहा. एवढ्या आग्रही माणसाच्या घरात मी सून म्हणून आले आणि अर्धपोटी राहू लागले. त्या काळी, म्हणजे पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा, सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी. ते खाकरत घरात यायचे, की मी पदर ओढून दाराआड. घरचे हे धनजच्या शाळेत मास्तर, यायचे ते शनिवारी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, स्वभावानं गाईसारख्या, पण त्या समोर बसल्या की मला दुसरी भाकर मागायची लाज वाटायची. "पुरे" म्हणायचे आणि पाणी पिऊन उठायचे. ओसरीवरून मामाजींचा आवाज यायचा, कोणाला तरी आग्रह चाललेला असायचा, आणि मी चुलीपाशी बसून मनात म्हणायची, हा माणूस मला एकदा तरी घे म्हणाला तर काय बिघडेल!

अशातच कारंज्याला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लग्न निघालं. तिथला व्याही म्हणे फार जहाल होता, घोड्यावर जीन चढवून निघालाच होता. मामाजींनी त्याला उतरवला, बसवला आणि जिलबी संपेपर्यंत उठू दिला नाही. यजमान इतका खूश झाला, की त्यानं आपल्या मुलांनी पाळलेल्या जोडीतला एक पांढरा ससा मामाजींना भेट दिला. आमच्या गावानं रानातले भुरे ससे पाहिलेले, तेही पळताना. हा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. बैलांच्या दमणीतून दुरडी उतरली तेव्हा अर्धा मोहल्ला आमच्या ओसरीवर होता.

मामाजींनी सशाला पाहुणाच मानला. पहिल्या संध्याकाळी वाटीत दूध-साखर आली. सशानं नाक हलवलं आणि तोंड फिरवलं. "दमला असन," मामाजी म्हणाले. सकाळी तूप लावून भाकरीचा कुस्करा आला, मग वरणभात, मग गूळपोळी. ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. दुपारी मामाजींनी चक्क दुपट्टा खांद्यावर घेतला, हात धुतले आणि उकिडवे बसून सुरू केलं, "घ्या ना जी! कारंज्याहून आले तुमी, आमच्या घरचं गोड मानून घ्या ना!" सशानं कान पाठीला चिकटवले. मामाजींनी वाकून त्याचा पंजा निरखला आणि खिन्न होऊन म्हणाले, "याच्या बोटायत फटच नाई दिसत." मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते.

दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा मामाजींनी निकाल दिला, "हा ससा नोहे. हा वरपक्षाचा व्याही हाय." झालं, त्याचं नाव व्याही पडलं. व्याह्याला मनवायला गाव लोटलं. कोणी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणली, कोणी वाटीभर शेवया. आत्याबाईंनी मीठमिरची ओवाळून त्याची दृष्ट काढली, तो बिचारा शिंकला तेवढा. आणि प्रत्येक जण त्याच्यापुढे वाकून मामाजींच्या सुरात 'घ्या ना जी' म्हणून पाही. न खाणारा एक आणि वाढणारे पन्नास, असा तो प्रकार होता.

हसणं थांबलं ते त्याच रात्रीच्या जेवणाला. आत्याबाईंनी मामाजींचं ताट वाढलं, तर ते म्हणाले, "उचल ते. पाहुना उपाशी हाय अन् मी जेवू?"

"अवं बाई, तो ससा हाय!" आत्याबाई म्हणाल्या.

"आपल्या उंबऱ्याच्या आत हाय ना? मंग पाहुना हाय."

आमच्या घराचा हा रिवाज जुना. दारी आलेला जेवल्याशिवाय घरधन्यानं घास घ्यायचा नाही. आजवर त्याची वेळ कधी आली नव्हती, कारण मामाजींपुढे कोणी उपाशी राहिलंच नव्हतं. आता मात्र ससा खाईना आणि मामाजीही खाईनात. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. बिडी ओढायचे आणि सशाकडे बघत बसायचे. आत्याबाई चुलीपाशी डोळे पुसायच्या. "मानसासाठी जीव देनारे आयकले, पन हा मानूस सशासाठी जीव देईन," त्या म्हणायच्या. मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंगणात सडा टाकायची. एका सकाळी सशाच्या दुरडीकडे लक्ष गेलं. गोठ्याकडून वाऱ्यानं आलेली हिरव्या हरळीची एक काडी दुरडीच्या फटीत अडकली होती, आणि ती हलत होती. मी थबकले. ससा आतून ती ओढत होता, कुरकुर चावत होता. तेवढ्यात ओसरीवर मामाजी खाकरले. काडी जागच्या जागी थांबली. ते उठून त्याच्याजवळ येऊन बसले, तसा तो कोपऱ्यात जाऊन गोळा झाला.

मला सगळं उमगलं. पण सांगायचं कसं? मी आत्याबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी मामाजींना सांगितलं. मामाजी असे रागावले, की मी दाराआड आणखी मागे सरले. "गवत? पाहुन्याले गवत टाकू? आपल्या घरी शिरा, दूध, तूप असताना त्याच्यापुढे ढोराचं खानं ठेवू? लोकं काय म्हनतीन, घ्यानाजीनं पाहुन्याले वैरन घातली!" आत्याबाई आत आल्या. पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, हेच त्यांना जन्मभर ठाऊक. पाहुण्याला काय आवडतं, हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ससा आडवा झाला. डोळे अर्धे मिटलेले. मामाजी समोर शिऱ्याची वाटी धरून बसले होते, आवाज बसला होता. "घ्या ना जी," ते पुटपुटत होते, "माह्यी अब्रू राखा." मला राहवेना. मी मागच्या दारानं विहिरीवर गेले, धोंड्यांमधली ओली हरळी मूठभर उपटली आणि पदर कपाळापर्यंत ओढून तडक ओसरीवर आले. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ओसरीवर मी केर काढायलाच तेवढी गेले होते.

"मामाजी," मी म्हणाले, "उठा तुमी तिथून."

आत्याबाई दारातच खांब धरून उभ्या राहिल्या. अंगणात दोन-चार बाया होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "त्याले भूक हाय, पन तुमचं भेव वाटते. साऱ्यायचं भेव वाटते. हे गवत ठेवते मी. तुमी तिकडं तोंड करून बसा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सशाकडे पाहत होते. मग त्यांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि ओसरीच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले, अगदी रुसलेल्या व्याह्यासारखे. मी हरळी ठेवली, बायांना हातानंच घालवलं आणि खांबाआड उभी राहिले.

बराच वेळ काही नाही. मग कुरकुर ऐकू आली.

"खाऊन राह्यला काय?" भिंतीकडून हलकेच आवाज आला.

"खाऊन राह्यला," मी म्हणाले.

"पाहू?"

"नाई. बसा तसेच."

पाच गावांना जेवू घातलेला तो माणूस भिंतीशी पाठमोरा बसून होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होते का रडत होते, मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळानं ते तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "सूनबाई, माह्यं ताट वाढ. अन् तुह्यं बी वाढ." आणि जरा थांबून, "तुले बी आमचं भेव वाटते काय वं?" मी ताटं वाढायला आत पळाले. मला रडू फुटलं होतं.

संध्याकाळी त्यांनी आत्याबाईंना हुकूम दिला, "भाकरीचं टोपलं तिच्याजवळ ठेवत जाय अन् तू पान्याले जाय." आत्याबाईंनी तो पाळला. त्या घागर घेऊन निघाल्या, की मी पोटभर जेवायची. महिन्याभरात माझ्या बांगड्या घट्ट झाल्या.

मामाजी मात्र मामाजीच. हा नवा शोध त्यांनी धनजच्या एका लग्नात व्याह्यावर आजमावला. ताट ठेवलं आणि पाठ फिरवून बसले. व्याही वाट पाहून पाहून असा भडकला, की वरात निघायची वेळ टळली. घरी येऊन ते मला म्हणाले, आता मलाच म्हणायचे सगळं, "सशाले एकटं सोडा लागते, सूनबाई. व्याह्याले एकटं सोडलं तं तो मरते." आमचा लाल डोळ्यांचा व्याही मात्र पुढे एवढा माजला, की परसातली मेथी त्यानं कोणाच्याही ताटात येऊ दिली नाही.

काही वर्षांनी यांची बदली अकोल्याला झाली. निघायच्या दिवशी मामाजी मोटारीपर्यंत आले. घरात आम्ही कितीही बोललो तरी बाहेर तो रिवाज पाळायचा, हे न सांगता ठरलेलं. म्हणून मी पदर ओढून, मान खाली घालून गाडीत बसले. अड्ड्यावर सारं गाव, म्हातारी माणसं पारावर बसलेली. कंडक्टरनं दोरी ओढली. तेवढ्यात मामाजी खिडकीपाशी आले आणि साऱ्या अड्ड्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "सूनबाई, तिथं तुले आग्रह करनारं कोनी नाई. मांगून खात जाय!"

पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. मी पदर मागे सारला, खिडकीतून बाहेर तोंड काढलं आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "हो, मामाजी!"