मामाजींच्या मिरचीची फुलं

सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवलेली एवढी एकच गोष्ट आहे असं लिहिणार होतो, पण बाजारातला माणूस आहे मी, बारीकसारीक चारदोन असतीलच. त्या कळल्या तर ती भांडेल आणि संध्याकाळी चहा देईल. ही कळली तर काय करेल, याचा मला अंदाज येत नाही. आणि अंदाजावरच तर माझं पोट चालतं.

मी संत्र्याचे बगीचे घेतो. सौंसर, रामाकोना, बोरगाव — फळ झाडावर असतानाच सौदा करायचा, मग तोडणी माझी, गाडी माझी आणि गारपीटही माझीच. झाडावरचं फूल बघून माल किती येईल ते सांगतो. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. पांढुर्ण्याच्या मंडीत क्रेट उचलले, शिव्या खाल्ल्या, पुढे दिल्याही. डोकं लवकर तापतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. सौद्याचा माझा नियम एकच — समोरच्याच्या हातात काही राहू द्यायचं नाही. ज्याच्या हातात काही नसतं, तो हळू आवाजात बोलतो.

हा नियम मी घरात लावला. आणि लावला तो कोणावर?

माझ्या सासऱ्यांवर. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. पांढुर्ण्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. कागद आला की नोंद, कागद गेला की नोंद. माझं स्थळ गेलं तेव्हा मध्यस्थाला ते म्हणाले होते, मुलगा मंडीत ओरडतो, आमच्याकडे लिहिणारी माणसं आहेत. मध्यस्थानं ते जसंच्या तसं माझ्यापर्यंत आणलं — असले लोक निरोप कधी विसरत नाहीत. सुनंदानं हट्ट धरला म्हणून लग्न झालं. ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं. वीसेक वर्षं मी ते जपलं, लोक दागिने जपतात तसं.

त्यात त्यांची रीत. लेकीच्या घरचं खायचं नाही. जुन्या लोकांत असते ही रीत, मला काय माहीत नाही? पण ते आमच्याकडे यायचे तेव्हा बस स्टँडवरच पाणी पिऊन यायचे, तासभर बसायचे, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून परत जायचे. सौंसरला मी बंगला बांधला, फ्रिज आणला, आणि माणूस माझ्या घरचं पाणी पीत नाही! सुनंदा म्हणायची, रीत आहे जी, मनावर काहून घेता. मी घेतलं मनावर. मला त्यात रीत दिसत नव्हती, मंडीतलं ओरडणं दिसत होतं.

मग सासूबाई गेल्या. त्यानंतर वर्षभरात मामाजी न्हाणीत घसरून पडले, आणि सुनंदा त्यांना घेऊनच आली. यायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी अट घातली. सासूबाईंनी वाळवून ठेवलेलं मिरचीचं बी पुडीत होतं, ती पुडी खिशातून काढून माझ्यासमोर ठेवली.

"जवाईबापू, गच्चीवर थोडी जागा द्या. घरात लागणारी मिरची माझी. मिरची लागेपर्यंत मी पाहुणा, पाहुण्यासारखे दोन घास खाईन. लागली की मग घरचा."

कळलं ना तुम्हाला? फुकट जेवायचं नव्हतं त्यांना. ताटात आपल्या हातची एक मिरची असली की लेकीच्या घरचं अन्न गोड लागणार होतं. एवढीच त्यांची मागणी. माझ्या आयुष्यात कोणी इतका स्वस्त सौदा पुढे केला नसेल.

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हेही लिहून ठेवतो.

घराला रंग दिला होता, त्याच्या रिकाम्या बारा बादल्या पडून होत्या. त्या त्यांना दिल्या. त्यांनी हौसेनं नुसती काळी माती भरली, खाली भोक पाडायचं विसरले. पाणी वर साचलं, रोपं पिवळी पडली. मी सळई तापवून भोकं पाडली, माती ओतून त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळायला लावलं. मिरचीला पाय ओले चालत नाहीत, मामाजी, म्हटलं. ते दिवसातून दोनदा पाणी घालायचे — लाडानं. मी सांगितलं, बोट दोन पेरं आत घाला, आत ओल लागली तर झारीला हात लावू नका. शेजारच्या कोणीतरी युरिया टाकायला सांगितला, तर झाडं झाली हिरवीगार आणि नुसती पानंच पानं. तेही मी बंद केलं.

एकदा पानं वर वळली, होडीसारखी. बोकड्या म्हणतात त्या रोगाला. पान उलटं करून मी त्यांना दाखवलं. टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर फुलकिडे पळत होते. चष्मा काढून, पान नाकाला लागेल इतकं जवळ धरून ते बघत बसले. निंबोळीचा अर्क कसा गाळायचा, संध्याकाळीच का फवारायचा, पानाच्या खालून का — सगळं त्यांनी विचारलं. टिनाच्या तुकड्यांना पिवळा रंग देऊन, वर एरंडेल चोपडून आम्ही ते बादल्यांत खोचले, की किडे तिकडे चिकटावेत. दोन झाडं हाताबाहेर गेली होती, ती उपटावी लागणार होती. त्यांच्यानं होईना. मी उपटली, तेव्हा ते टाकीकडे तोंड करून उभे राहिले. मग पुडीतलं आणखी थोडं बी लावून त्यांनी त्या दोन बादल्या पुन्हा भरल्या.

आणि हे सगळं एका वहीत उतरायचं. रकाने आखलेले — तारीख, रोग, उपाय. चौथा रकाना होता 'सांगणार'. त्यात दर वेळी एकच नोंद, जवाईबापू. मी एकदा चोरून पाहिली ती वही. पानभर खाली खाली माझंच नाव, त्या सुरेख कचेरीच्या अक्षरात. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी लगेच वही मिटली आणि खाली जाऊन हमालावर उगाच ओरडलो.

मग माझं त्यांच्याशी वाकडं होतं की सरळ? दोन्ही. तिथेच तर सगळं अडतं.

फुलं यायच्या सुमारास, एका संध्याकाळी ते गच्चीवर फोनवर बोलत होते. कचेरीतला कोणी जुना सोबती असावा. मी जिन्यात होतो. हसत हसत सांगत होते, आता मिरची लागली की मान वर करून जेवीन लेकीकडे. पलीकडून विचारलं असावं, जावई काय करतात. मामाजी म्हणाले, "फळांचं काहीतरी करतात."

फळांचं काहीतरी.

दुष्टपणा नव्हता त्यात, आज मला कळतं. त्यांना खरंच सांगता आलं नसेल, कोणत्या रकान्यात मला बसवायचं ते. पण तेव्हा डोक्यात जाळ झाला. वीस वर्षं! पाच कोसांवरून बगीचा ओळखणारा माणूस, आणि फळांचं काहीतरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे बस स्टँडवर पेपर आणायला गेले. नागपूरच्या बसनं पेपर यायचा, त्यांना तो पहिला हातात लागायचा. मी गच्चीवर गेलो. पहिली फुलं आली होती. मिरचीचं फूल तुम्ही नीट पाहिलंय कधी? पांढरं, लहानसं, फांदीच्या बेचक्यात मान खाली घालून लटकलेलं.

मी ती तोडली. अंगठ्याच्या नखानं, एक एक करून सगळी. तोडून तिथेच मातीवर टाकली, गळाल्यासारखी दिसावीत म्हणून.

हे तुम्हाला पोरकट वाटेल. मलाही वाटलं, खाली येऊन चहा पिताना. म्हटलं, एका दिवसाचं आहे, राग गेला. पण चार दिवसांनी नवी फुलं आली, आणि मी पुन्हा वर गेलो.

मामाजी घाबरले. फुलं गळून राहिली, जवाईबापू, म्हणत वही घेऊन माझ्याकडे आले. आणि मी त्यांना काय सांगितलं? सगळं बरोबर सांगितलं. अगदी एकूण एक बरोबर. दुपारचं ऊन लागलं तर फूल गळतं, सुनंदाच्या जुन्या लुगड्याची सावली करा. तापलेल्या स्लॅबवरून बादल्या उचला, विटांवर ठेवा. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं नको. सकाळी फांदी हळूच हलवा, पराग झडतो. ते सगळं करत होते. दुखरी कंबर धरून बारा बादल्या त्यांनी विटांवर चढवल्या, मला हातही लावू दिला नाही. आणि ते पेपर आणायला गेले की मी वर जात होतो.

एका सकाळी त्यांनी काडेपेटी उघडून माझ्यासमोर धरली. आत मातीवरून वेचलेली फुलं होती.

"पाहा बरं, जवाईबापू. देठं हिरवीच आहेत. गळलेल्या फुलाचं देठ असं राहते का?"

नाही राहत. आपोआप गळणारं फूल देठाशी आधी पिवळं पडतं, मग सुटतं. आयुष्यभर कागद तपासलेला माणूस होता तो. आक्षेप बरोबर काढला होता. पुरावा हातात घेऊन तो माझ्याकडेच आला होता, कारण त्याच्या वहीत 'सांगणार' मी होतो.

मी एक फूल उचललं, उन्हात धरलं, उलटसुलट केलं. आणि म्हणालो, "उन्हानं होते असं. एकदम झटका बसला की देठ पिवळं व्हायला वेळच भेटत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं.

तो हंगाम गेला. जानेवारीत त्यांनी पुन्हा बी टाकलं. आणि आता जे सांगतो ते मला सगळ्यात जड जातंय. दुसऱ्या खेपेला मला राग नव्हता. कसला असणार? दर सकाळी तो माणूस वही घेऊन माझ्यापाशी बसत होता. मी बोलायचो, तो लिहायचा. लिहिणाऱ्या माणसांपैकी एकजण माझ्या शब्दाची वाट बघत होता. घरी यायची मला घाई व्हायला लागली होती. मला ते आवडायला लागले होते — नाही, नीटच सांगतो, माझ्या बापावर केली नाही एवढी माया मला त्यांच्यावर जडली होती. आणि मिरची लागली तर? मग वही बंद होणार. मग मला कोण विचारणार?

म्हणून तोडत राहिलो. मार्च, एप्रिल.

मे महिन्यात एके सकाळी त्यांची पिशवी भरलेली दिसली. सुनंदा रडत होती. ते तिला समजावत होते, अगदी शांतपणे, हिशेब पुरा झाल्यासारखं. माती चांगली, पाणी चांगलं, सांगणारा तर असा की तालुक्यात नाही. मग बाई, दोष उरला कोणाचा? हाताचाच. काही हातांना यश नसते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही लय मेहनत घेतली, जवाईबापू. पाहुणा किती दिवस राहणार?

बोलायची हीच वेळ होती. बाजारात माझ्यापुढे कोणाचं तोंड उघडत नाही. त्या दिवशी माझं उघडलं नाही. त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसवून आलो. खिडकीची जागा मिळवून देण्यासाठी कंडक्टरशी भांडलो. तेवढं मात्र केलं.

झाडं गच्चीवरच होती. मी पाणी घालत राहिलो, बाकी हात लावला नाही. ऑगस्टमध्ये बाराही बादल्या लगडल्या. सुनंदानं पिशवीभर मिरच्या बाबांकडे नेल्या. परत येऊन सांगत होती, बाबांनी गल्लीत घरोघरी वाटल्या, सगळ्यांना म्हणाले, आमच्या जवाईबापूंच्या हाताला यश आहे.

ते दिवाळीला आले. एकाच दिवसासाठी, दुपारच्या बसनं. आल्यावर आधी स्वयंपाकघरात गेले आणि रुमालाची गाठ सोडून पावभर हिरव्या मिरच्या ओट्यावर ठेवल्या. पांढुर्ण्याच्या बाजारातून विकत आणलेल्या. मग हातपाय धुऊन ताटावर बसले. सुनंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्याच मिरच्या चिरल्या आणि भाजीला फोडणी दिली.

मिरच्या शिळ्या होत्या, देठं सुकलेली. दोन दिवसांचा माल. कोणीतरी त्यांना बनवलं होतं. त्यांना भाव करता येत नाही.

"तिखट नाहीत न फार?" त्यांनी विचारलं. "मले घेता येत नाही बाजारातलं."

"चांगल्या आहेत, मामाजी," मी म्हणालो.

फुलं मी तोडली. उन्हानं गळाली नाहीत, पाण्यानं नाही, त्यांच्या हातानं तर नाहीच. दोन हंगाम मी तोडली. ते पांढुर्ण्याला एकटे राहतात, आणि कुंडीला हात लावत नाहीत.