पाच बटणांचा साडू

माझ्या साडूइतका तत्त्वाचा माणूस मी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही. आता ही तत्त्वं सगळीच्या सगळी एका जुन्या व्हिडिओ गेमच्या पेटीपुरती आहेत. बाकी संसारात त्याला तत्त्व म्हणून काही नाही, वीजबिल भरायचीसुद्धा बायकोला आठवण करून द्यावी लागते, पण ते सोडा. पन्नाशीला टेकलेला, चष्मा लागलेला, मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा हा गृहस्थ गेली तीस वर्षं दर रविवारी सकाळी दोन माणसांच्या मारामारीचा एकच एक खेळ खेळतो. त्या खेळाचं इंग्रजी नाव त्याला धड उच्चारता येत नाही. त्याच्या कंपूत सगळे त्या खेळाला नुसतं 'फायटिंग' म्हणतात. पडद्यावर खेळातल्या गड्यांची नावं येतात तीही कुणी कधी वाचलेली नाहीत. साडू खेळतो तो 'पैलवान', आणि झेप घेऊन लाथा मारणारी एक बाई आहे ती 'वेणीवाली'. मी भूगोलाचा मास्तर. जगभरात हा खेळ अजून जिवंत आहे, जपानपासून ब्राझीलपर्यंतची पोक्त माणसं मोबाइलवर एकमेकांना त्यातले डाव शिकवतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. ब्राझील नकाशावर कुठे आहे हे मात्र त्याला मी अजून शिकवू शकलेलो नाही.

आमची ओळखसुद्धा त्या खेळापायीच झाली. धाकट्या मेहुणीला स्थळ सांगून आलं, तेव्हा या पठ्ठ्याने सासऱ्यांना आपली आवड सांगताना बेधडक सांगितलं, "फायटिंगमधी आपला हात कोण धरत न्हाय." सासरे हबकले. मुलगा गुंड तर नाही ना, याची चौकशी करण्याचं काम थोरला जावई म्हणून माझ्या गळ्यात आलं. पत्ता काढत मी बसस्टँडमागच्या बोळातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये पोचलो. दारापासून पेटीपर्यंत नुसत्या चपला मांडलेल्या, एकामागे एक, रॉकेलच्या रांगेत डबे लावावेत तशा. ज्याची चप्पल पेटीपाशी पोचेल त्याचा नंबर. जो हरला तो बाजूला, जो जिंकला तो तसाच उभा. साडू तासाभरापासून उभा होता. मी म्हटलं, "जरा बोलायचं होतं." मान न वळवता तो म्हणाला, "चपल लावा." मी लावली. नंबर आल्यावर त्याने मला अर्ध्या मिनिटात लोळवलं आणि मग अदबीने विचारलं, "हां, बोला, काय काम हुतं?" सासऱ्यांना मी कळवलं की मुलगा निर्व्यसनी आहे. हे वाक्य मेहुणी मला आजही ऐकवते.

त्या पार्लरातल्या पेटीला दोन्ही बाजूंना डाव्या हाताला एक दांडा आणि उजव्या हाताला सहा बटणं. तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. त्यातलं सहावं, म्हणजे मोठ्या लाथेचं बटण, दोन्हीकडचं, पेटी आली त्या दिवसापासून बंद होतं. मालकाने ते कधी दुरुस्त केलं नाही आणि शहरातली एक अख्खी पिढी पाच बटणांवर हा खेळ शिकली. पुढे पार्लर बंद पडलं तेव्हा साडूने ती पेटी हातगाडीवर घालून स्वतःच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणली. हा माणूस जळालेल्या मोटारी जिवंत करतो, त्याला त्या बटणाची तार जोडायला पाच मिनिटं पुरली असती. मी तसं सुचवलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. म्हणाला, "सर, ज्येला पाचात मारता येत न्हाय, त्येला सहात काय येणाराय?" मध्यंतरी पुण्यात या खेळाची स्पर्धा होती. साडू हौसेने गेला. पहिले दोघे त्याने सहज पाडले, कारण असा खेळणारा प्राणी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तिसऱ्याने मोठ्या लाथेने त्याला झोडपायला सुरुवात केली, तेव्हा याने खेळ थांबवून थेट तक्रार केली, "ओ सायेब, ह्यो गडी सहावं बटण दाबतोय." स्पर्धा घेणारा पोरगेला माणूस गोंधळला. "काका, बटण आहे ना तिथे?" "हाय की. पण हाय म्हणून दाबायचं व्हय?" साडू हरून परत आला, पण अजिबात खट्टू नव्हता. पुणं मोठं शहर आहे, तिथे काहीही चालतं, असं त्याने मला समजावून सांगितलं.

खेळातला त्याचा एक डाव आहे. दांडा मागे दाबून धरायचा, मनात दोन आकडे मोजायचे आणि मग एकदम पुढे ढकलायचा. हा डाव त्याच्या अंगात इतका मुरलाय की तो घराचं दारसुद्धा तसंच उघडतो. गाडी सुरू करताना आधी पायाने मागे घेतो. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा व्याह्यांनी "मग काय ठरवायचं?" असं विचारल्यावर हा पाठ टेकून स्वस्थ बसला. व्याह्यांना वाटलं, पसंत नाही. ते घाबरून आपल्या मागण्यांवरून आपणहून दोन पायऱ्या खाली आले. मेहुणी म्हणते, "दाजी, एवढं एकच काम हो ह्या खेळानं माझ्या संसारात केलं."

पण साडूचं सगळं खेळणं ज्याच्यासाठी होतं, तो सोलापूरजवळच्या मंद्रूप गावचा. त्याचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हरताना दोन्ही. चांगला आडदांड, मिशाळ माणूस, पण खेळायचा वेणीवाली, आणि असा खेळायचा की डोळ्याचं पातं लवायच्या आत पैलवान आडवा. कॉलेजात असताना तो सोलापुरात खोली करून राहायचा, तेव्हापासूनची ही जोडी. नंतर तो गावी गेला, पण रविवार चुकला नाही. कधी साडू जिंकायचा, जास्त वेळा मंद्रूपकर. साडू आठवडाभर मोटारींना तारा गुंडाळताना तोंडाने पुटपुटत असायचा तो याच विचारात, की या रविवारी त्याला कसा पाडायचा. मेहुणी वैतागून म्हणायची की यांनी माझ्यापेक्षा त्या मंद्रूपकराचा विचार जास्त केलाय. ते खरंच होतं.

या कंपूत एकच गुन्हा अक्षम्य मानतात, तो म्हणजे 'सोडणं'. म्हणजे मुद्दाम हरणं. हरा, शिव्या द्या, दांडा मोडा, सगळं माफ, पण समोरच्याला दया म्हणून सोडायचं नाही. चादरीच्या कारखान्यात काम करणारा एक वयस्कर गडी या बाबतीत न्यायाधीश आहे. त्याने एकदा एकाला वर्षभर बंदी घातली होती, कारण त्याने नव्या व्याह्यांना खूश करायला सोडलं होतं. तो बिचारा वर्षभर दर रविवारी यायचा आणि नुसता बघत बसायचा.

गेल्या दिवाळीनंतर मंद्रूपकराला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय महिन्या-दीड महिन्यात चालायला लागला, पण उजवा हात मनगटापासून मुडपला तो मुडपलाच. साडू दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून लहान मुलासारखा रडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी मंद्रूपकर जावयाच्या गाडीवरून आला. कुणाशी जास्त न बोलता पेटीच्या उजव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. डाव्या हाताने दांडा धरला आणि उजव्या हाताची मूठ उचलून बटणांवर ठेवली. मूठच ती. एक दाबायला गेला की तीन दाबली जायची. वेणीवाली जागच्या जागी तडफडत होती. आणि साडूचा पैलवान, तीस वर्षांत कधी गेला नव्हता तसा, सरळ चालत जाऊन वेणीवालीच्या लाथेसमोर उभा राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. पैलवान पडला.

मंद्रूपकराने दांडा सोडला. "मला सोडलास?" त्याने साडूला विचारलं. "दवाखान्यात रडलास म्हणं माझ्यापायी. त्ये चाललं. ह्ये न्हाय चालणार." जावई सावरायला पुढे आला तर त्याच्यावरही ओरडला, आणि साडूला "होगो!" म्हणजे चालता हो, असं म्हणाला. साडूच्याच दुकानातून साडूला. मग स्वतःच निघून गेला.

कारखान्यातल्या न्यायाधीशाने त्याच दिवशी निकाल दिला. एक वर्ष बंदी. साडूने तो मानला. पुढचे रविवार तो स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि आत लोक त्याच्याच पेटीवर खेळायचे. हसण्यासारखं होतं, पण मला हसू येईना. त्याची भूक गेली. मंगळवारी दुकान बंद ठेवून तो मंद्रूपला जाऊ लागला. मंद्रूपकर त्याच्याशी एवढंच बोलायचा, "गिऱ्हाईक हायेस का? काय पायजे?" आणि हा गांगरून काहीतरी मागायचा. पहिल्या खेपेला कासरा आणला, दुसऱ्या खेपेला फवारणीचा पंप, तिसऱ्या खेपेला गांडूळखताचं पोतं. याच्याकडे गच्चीवरच्या दोन कुंड्यांपलीकडे जमीन नाही. मेहुणीने मला फोन केला. "दाजी, ह्यांना आवरा. पुढच्या मंगळवारी बैल आणतील."

पुढच्या मंगळवारी मी बरोबर गेलो. साडूने एक लाकडी खोकं तयार केलं होतं, टीव्हीला जोडायचं, आत तोच खेळ, वर दांडा आणि पाच बटणं. मंद्रूपकराच्या दुकानात शिरून त्याने ते ज्वारीच्या बियाण्याच्या पोत्यांवर ठेवलं. मंद्रूपकर म्हणाला, "काय पायजे?"

"काय नको," साडू म्हणाला. "सोडलं तुला. चूक झाली माझी. कीव आली म्हणून न्हाय सोडलं. मी जिंकलो असतो तर तू परत येणार न्हाईस, ह्याची भीती वाटली."

"मग आता कुटं आलोय?" मंद्रूपकर म्हणाला.

साडूने खोकं त्याच्यापुढे सरकवलं. मंद्रूपकर त्याच्याकडे बघून म्हणाला, "ह्येला दोन हात लागत्यात." साडूने खोक्याची वायर दुकानातल्या टीव्हीला जोडली, एक स्टूल ओढलं, त्याच्या उजव्या अंगाला चिकटून बसला आणि आपला उजवा हात बटणांवर ठेवला. "दांडा तुजा. बटणं माजी. वेणीवाली घे."

पहिले तीन डाव त्यांनी यंत्राकडूनच सपाटून मार खाल्ला. "उडी मारली की लगेच दाबायचं न्हाय रे!" "मग आधी सांगून उडी मार की!" "सांगून कोण उडी मारतंय?" दुकानात आलेलं गिऱ्हाईक बी न घेता बघत उभं राहिलं. चौथ्या डावात भांडण थांबलं. मंद्रूपकराने दांडा वर ढकलला आणि वेणीवाली हवेत असतानाच साडूचं बोट बरोबर बटणावर गेलं. मग पुन्हा गेलं. एक शब्द न बोलता. यंत्राचा गडी आडवा झाला. मंद्रूपकर त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुला कसं कळलं मी काय दाबणार हुतो?" साडू म्हणाला, "तीस वर्षं ह्याच लाथा खाल्ल्या की मी." मंद्रूपकर हसला, आणि मग डाव्या हाताने त्याने डोळे पुसले. मी उगाच भावफलक वाचत उभा राहिलो.

पुढच्या रविवारी बंदीचा प्रश्न उपस्थित झाला. न्यायाधीशाने चहा संपेपर्यंत विचार केला आणि निकाल दिला की बंदी माणसावर आहे, हातावर नाही. तेव्हापासून पेटीच्या उजव्या बाजूला दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि डाव्या बाजूला, जिथे साडू तीस वर्षं उभा राहिला, तिथे आळीपाळीने बाकीचे येऊन मार खातात. दोघांना हरवणारा अजून निघालेला नाही.

परवाच्या रविवारी मी गेलो, तर साडू चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसला होता. मी म्हटलं, "चाललंय की जोरात. दर रविवारी जिंकताय."

"जिंकतोय की," तो म्हणाला. चहाचा घोट घेतला. "पर सर, मला त्येलाच हरवायचं हुतं. एवढी वरसं त्येच चाललं हुतं माझं. आता पलीकडं कुणीबी उभं राहू दे, त्यात राम न्हाय. मीच पलीकडं जाऊन उभं राहावं म्हटलं, तर मग त्येची बटणं कोण दाबणार?"

त्याने कप पुन्हा तोंडाला लावला. इतक्यात आतून मंद्रूपकराचा दणदणीत आवाज आला, "ए गड्या! माझा हात घिऊन कुटं फिरतोयस?"

अर्धा कप तसाच पायरीवर ठेवून साडू आत पळाला.