म्हशीमागचे आप्पा

आप्पा चोरून दूध पितात याची मला खात्री होती, आणि त्यांना पकडायचं म्हणून मी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर बसून स्वतःच दूध प्यालो.

आप्पा आमचे शेजारी. मूळचे नेसरीचे, शेती मुलाकडे सोपवून कोल्हापुरात येऊन राहिलेले. त्यांचा कशावरच विश्वास नसे. बिस्किटाचा पुडासुद्धा आधी कानाशी हलवून बघत. साठी उलटल्यावर साखर निघाली तेव्हा पहिला संशय रक्त तपासणाऱ्यावर. "दुसऱ्याचं रगात आसंल ते," म्हणाले. घरोघरी साखर मोजायचं यंत्र येण्याआधीचे ते दिवस. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून पाहिल्या आणि शेवटी सांगितलं, दिवाळीपर्यंत रोज चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई. आप्पांचे थोरले भाऊ सुई सुरू झाल्यावर वर्षभरात गेले होते. ते साखरेनं गेले, सुईनं नव्हे, हे आप्पांना कुणीच पटवू शकलं नव्हतं. "सुई आली की मानूस निघाला," एवढंच ते म्हणत.

पण चालणार कसे? काम नसताना रस्त्यानं चालणाऱ्या माणसाचाच त्यांना सगळ्यात जास्त संशय. रंकाळ्याला फेऱ्या मारणारे लोक बघून म्हणाले होते, "एवढी शिकलेली मानसं, आनि कुठंच जाईत न्हाईत. फिरून हितंच येत्यात."

आणि हेच आप्पा रोज संध्याकाळी काही न सांगता बाहेर पडायला लागले. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला गाठलं. "भावजी, ह्यांची वाट कट्ट्याकडं हाय. जरा नजर ठेवा की."

आमच्याकडे कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून पिळतात आणि फेसाळलेला पेला तिथंच हातात देतात. त्यापुढं भल्याभल्यांचं पथ्य टिकत नाही. मी पानपट्टीच्या आडोशाला बसू लागलो. नुसतंच बसलो तर गवळ्यांना संशय येईल, म्हणून एक पेला. फार वेळ बसलो तरी येईल, म्हणून आणखी एक. आप्पा शिरपा गवळ्याच्या म्हशीपाशी उभे राहत, बोलत, आणि धार काढून झाली की म्हशीबरोबरच दिसेनासे होत. म्हणजे गोठ्यावर जाऊन पितात, असा निष्कर्ष मी काढी, आणि निष्कर्ष काढून दमल्यामुळे घरी येई.

दिवाळी तोंडावर आली तसा वहिनींचा धीर सुटला. मग एकदाचा मी मागोमाग गेलो. शिरपाचा गोठा गावाबाहेर. पुढं म्हैस झपाझप, तिच्यामागं आप्पा झपाझप, आणि बराच मागं मी, धापा टाकत. गोठ्यात डोकावलो तर आप्पा खांबाला धरून बैठका मारत होते.

"काय बापू, राखनीला व्हय?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"आप्पा, हे काय चाललंय?"

"म्हशीमागं चाललं की कुठं निघाला म्हनून कोन इचारत न्हाय. डॉक्टर म्हनतोय, अंगात इन्सुलिन हाय, पर मांस त्येचं ऐकत न्हाय. चाललं, बैठका मारल्या, की ऐकाय लागतंय. चार दिस बसलं की पुन्ना बहिरं. आमच्या पोरागत हाय ते, रोज सांगाय लागतंय."

मी तरीही त्यांच्या मिशीवर फेस शोधत होतो.

तपासणीत साखर उतरलेली निघाली. आता डॉक्टरांनाच संशय आला. "कुठली मुळी खाताय?" म्हणाले, आणि पुन्हा रक्त घेतलं. आकडा तसाच. सुई टळली. सोबत गेलो होतो म्हणून माझंही रक्त घेतलं. आप्पांच्या गोळ्या कमी झाल्या, माझ्या सुरू झाल्या.

आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं चालले. दोन हजार साल ओलांडून, एका दुपारी झोपेतच गेले. सुई शेवटपर्यंत लागली नाही. दिवस झाल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "आता तरी खरं सांगा भावजी, पीत हुते न्हवं?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की क्षणभर मलाच माझी शंका आली.

तोवर डॉक्टरांनी मला सुईचं नाव ऐकवलं होतं. मग मी मुकाट्यानं शिरपाच्या म्हशीमागं चालायला लागलो. आठवडाभर हे चाललं. मग एका संध्याकाळी निम्म्या वाटेत थांबून शिरपानं माझी वाट पाहिली.

"बापू, उद्यापास्नं तुमी येऊ नगा. आप्पा हुते तवा म्हस येळेत घरला पोचायची. आता तुमच्यासाठी तिला थांबाय लागतंय."